बसायचं कुठे?

'काय, आज बसायचं का?' हा प्रश्न मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. किती जण, कुणाच्या गच्चीवर, साधारण किती वाजेपर्यंत आणि चखणा कुणी आणायचा, हे सगळं त्या एका क्रियापदात आलेलं असतं. गंमत अशी की रायगडच्या किनाऱ्यावर दारू सोडल्याची बातमी द्यायलाही हेच क्रियापद वापरतात. अलिबाग ते मुरूडच्या पट्ट्यात कुणी म्हटलं, 'तो हल्ली बैठकीत बसतो', की ऐकणारा 'कसली बैठक?' असं विचारत नाही. यंदाच्या हळदीत हा ग्लासला हात लावणार नाही आणि त्याला आग्रह करण्यातही अर्थ नाही, एवढं त्याला कळून चुकतं.

पिण्यासाठी बसायचं ते चारचौघांत, आणि सोडल्यावर सगळ्यात आधी तुटतात ते हेच चारचौघं. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ अचानक रिकामा होतो. जेट्टीवर जावं तर तिथे तेच, नाक्यावर तेच, घरी बसावं तर घरच्यांची नजर. हा रिकामा वेळ दुसऱ्या कुणाच्या सोबतीने भरणं हे आधारगटाचं पहिलं काम. बाकीचं तत्त्वज्ञान त्यानंतर येतं.

या पद्धतीची सुरुवातही एका रिकाम्या संध्याकाळीच झाली. 1935 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. दारू सोडून काही महिने झाले होते, काम फिसकटलं होतं आणि हॉटेलच्या एका बाजूला बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. त्याने फोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत विचारत गेला की इथे माझ्यासारखा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. असे फोन करत करत त्याची गाठ पडली गावातले सर्जन डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांच्याशी. पंधरा मिनिटांसाठी भेटायला आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली. 10 जून 1935 ही डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याची तारीख मानली जाते, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए या संघटनेचा जन्मदिवसही तोच. 1957 साली दिल्लीत कॅनडाच्या वकिलातीतल्या एका गृहस्थाने ही संघटना भारतात आणली. आज तिचं देशपातळीवरचं कार्यालय मुंबईत आहे आणि मराठीतून चालणारे गट महाराष्ट्रभर आहेत.

एएच्या मीटिंगमध्ये नेमकं काय होतं, याबद्दल बाहेर फार चमत्कारिक कल्पना असतात. होतं ते अगदी साधं. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल नाहीतर एखाद्या संस्थेची खोली. पंधरा-वीस खुर्च्या, चहा. एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, आपण मद्यपाशी आहोत असं सांगतो आणि आपलं काय झालं ते बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, शेवटी कुणी निकालही देत नाही. तास-दीड तासाने प्रार्थना होते आणि मंडळी पांगतात. फी नाही. पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल त्याने टाकावं, पहिल्यांदा आलेल्याने नाही टाकलं तरी चालतं. हजेरीपट नाही. आडनाव, पत्ता, जात, पगार कुणी विचारत नाही. आत येण्याची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. दारू सुटलेली असली पाहिजे अशी अट नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं. 'जरा कमी झाली की जाईन' म्हणणारे वर्षानुवर्षं बाहेरच राहतात.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंग फक्त मद्यपाशींसाठी, खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, शेजारी, कुतूहल असलेला कुणीही येऊन बसू शकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने, विशेषतः घरच्यांना घेऊन जाणाऱ्याने, फोनवर एवढं विचारून घ्यावं की आजची मीटिंग खुली आहे का.

आता ही सगळी रचना उचलून आपल्या किनाऱ्यावर ठेवून बघा. पहिली अडचण नावाचीच. एएचा सगळा डोलारा अनामिकतेवर उभा. मुंबईत दादरचा माणूस भायखळ्याला जाऊन बसला की तो अनामिक झाला. पण आक्षी-नागावच्या माणसाने चौलला जाऊन 'माझं नाव अमुक' म्हटलं, तर समोरचा मनात त्याच्या आजोबांचं नावही जोडून टाकतो. इथे माणसाची ओळख आडनावाने होते, आळीने होते, होडीच्या नावाने होते. शिवाय ज्याची दारू लपून राहिली आहे असा माणूस गावात जवळजवळ नसतोच. मला वाटतं, इथे अनामिकतेचा अर्थ थोडा बदलून घ्यावा लागतो. तू पितोस हे गुपित राहणार नाही, ते आधीच फुटलेलं आहे. त्या खोलीत तू काय बोललास, ते मात्र खोलीतच राहील. हे ज्याला पुरेसं वाटत नाही त्याने खुशाल तालुका ओलांडावा. पेणला जावं, पनवेलला जावं. लांबची मीटिंग निवडणं म्हणजे पळपुटेपणा नव्हे.

लांब जायचं तर दुसरी अडचण येते, ती वाटेची. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. 2020 साली भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाल्यापासून थोडी सोय झाली. आगरदांड्याहून दिघीला जायचं तर 'जंगल जेट्टी' या फेरीबोटीची वेळ पाहावी लागते आणि रात्री नऊला मीटिंग सुटल्यावर परतीचं काय, हा प्रश्न उरतो. एसटीची गाडी चुकली की स्टँडवर दोन तास काढायचे, आणि स्टँडसमोर काय असतं ते सांगायला नको. म्हणून मीटिंग निवडताना तिथे जायचं कसं याच्याइतकंच, किंबहुना जास्त, तिथून परत यायचं कसं हे आधी पाहावं.

तिसरी अडचण खास दर्याची. मीटिंग घड्याळावर चालते आणि मासेमारी भरतीवर. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मोकळा असलेला खलाशी पुढच्या मंगळवारी सातला खाडीच्या तोंडाशी असतो. पंधरवड्याने चक्र फिरून पुन्हा जवळपास तिथेच येतं, तोवर मोठ्या होडीवर असेल तर तो आठवडाभर किनाऱ्यालाच लागलेला नसतो. 'दर मंगळवारी न चुकता या' हा सल्ला कारकुनाला ठीक आहे, तांडेलाला नाही. त्याने वारावर अडून राहू नये. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीला जोर नसतो आणि कित्येक होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हा, लागोपाठ तीन-चार मीटिंग कराव्यात. त्या वेगवेगळ्या गावांत असल्या तरी हरकत नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर फोनवरून चालणाऱ्या ऑनलाइन मीटिंगही रुळल्या आहेत, बंदरात नांगर टाकलेल्या होडीवरून त्या ऐकता येतात. समोरासमोर बसण्याची सर त्यांना नाही, पण चुकलेल्या मीटिंगपेक्षा त्या नक्कीच बऱ्या.

यातल्या पहिल्या दोन अडचणींवर इथल्या मातीतून निघालेलं एक उत्तर आहे, ते म्हणजे रेवदंड्याची बैठक. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी 1943 पासून समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या निरूपणाची बैठक चालवली. पुढे गावोगावी बैठका सुरू झाल्या, पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जमायचं, रांगेत बसायचं आणि निरूपण ऐकायचं. पैसे नाहीत. नानासाहेबांना 2008 साली मरणोत्तर महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला आणि 2022 सालचा तोच पुरस्कार त्यांचे पुत्र अप्पासाहेब यांना मिळाला. आगरी-कोळी वस्त्यांत या बैठकीमुळे दारू सुटलेली माणसं दाखवायला कुणाला लांब जावं लागत नाही. बैठकीचा घोषित विषय अध्यात्म आहे, व्यसनमुक्ती नव्हे. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

एए आणि ही बैठक शेजारी ठेवली की एक मजेशीर गोष्ट दिसते. दोन्हीकडे फी नाही, दोन्हीकडे आठवड्याचा नेम आहे, दोन्हीकडे आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार आहे. पण दोन्हींचं यंत्र उलट्या दिशेने फिरतं. एएत माणूस बोलतो, बैठकीत ऐकतो. एए त्याला झाकतं, बैठक त्याला गावासमोर आणते. बैठकीत बसायला लागल्याचं आठ दिवसांत गावभर होतं आणि मग गावच त्याची राखण करतं. हळदीत, साखरपुड्यात, पालखीत त्याच्यापुढे ग्लास धरायला लोक कचरतात. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या वारकऱ्याचंही तेच. माळ ही घेतलेल्या शब्दाची सगळ्यांना दिसणारी खूण. फक्त माळेबरोबर मासळीही सुटते आणि कोळ्याच्या घरात ते दारू सोडण्यापेक्षा अवघड जातं, हे मी गमतीने म्हणत नाही.

मग कुणी कुठे बसावं? ज्याला गावासमोर दिलेला शब्द बांधून ठेवतो, ज्याचं सगळं नातंगोतं आधीपासून बैठकीत आहे, त्याला बैठक आपलीशी वाटेल. ज्याच्या मनात काही साचलं आहे, होडीचं कर्ज, बायकोवर उचललेला हात, दर्यात गमावलेला भाऊ, आणि ते बोलल्याशिवाय ज्याची रात्र सरत नाही, त्याला ऐकून पुरणार नाही. त्याला बोलायची जागा लागते. देवाधर्माशी फारसं न जमणाऱ्याने एएत 'उच्च शक्ती' हा शब्द ऐकून उठून जाऊ नये. ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं आणि गटालाच ती शक्ती मानणारेही पुष्कळ असतात. एकाच माणसाने दोन्हीकडे जायलाही कुणाची बंदी नाही.

एक कसोटी मात्र मी दोन्हींना लावेन. पहिल्या दिवशी कसं वाटलं यावरून जागा ठरवू नये. पहिल्या दिवशी सगळीकडेच परकं वाटतं. निदान चार-सहा वेळा बसावं आणि मग स्वतःला विचारावं की उद्या मी घसरलो आणि प्यायलो, तर परवा या दारातून पुन्हा आत येऊ शकेन का? दारूच्या आजारात घसरणं हा अपवाद नाही, आजाराच्या वाटचालीतच ते असतं. एएत घसरून आलेला माणूस हात वर करतो, दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतो आणि जुने लोक त्याला चहा देतात, कारण त्यातले बरेचसे स्वतः तसेच परत आलेले असतात. गावासमोर घेतलेल्या शब्दाचं बळ मोठं असतं, पण तो मोडल्यावर लाजही तेवढीच मोठी होते. ज्या लाजेने दारू सोडवली तीच परतीची वाट अडवते, आणि मग माणूस 'आता काय तोंड दाखवणार' म्हणत पुढची चार वर्षं पीत राहतो. माळ घातलेल्याने, बैठकीत बसणाऱ्याने घसरल्यावर ज्याच्याकडे जाता येईल असा एक तरी माणूस आधीच हेरून ठेवावा.

मागच्या प्रकरणातली एक गोष्ट इथे पुन्हा सांगतो, कारण ती जिवावरची आहे. रोज सकाळपासून पिणाऱ्याने एखाद्या मुहूर्तावर एकदम दारू बंद करून बैठकीत जाऊन बसू नये. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे पहिल्या दिवसापासून सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भिंतीवर किडे दिसणं, नसलेली माणसं दिसणं, बडबड सुरू होऊ शकते. आपल्याकडे अशा वेळी 'बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून भगताकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. हा शरीराचा विकार आहे, त्यात मृत्यू येऊ शकतो आणि त्यावर औषध आहे. आधी सरकारी रुग्णालय, मानसोपचारतज्ज्ञ, मग बैठक. जेवणात चोरून औषध घालण्याचा उद्योग तर घरच्यांनी मुळीच करू नये. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

ज्यांना काही आठवडे राहून उपचार घ्यायचे त्यांना पुण्याचं मुक्तांगण ठाऊक असतं. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेल्या लेखांनंतर, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. तिथे रुग्णाला 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो. मुंबईत वांद्र्याच्या चर्चमधून फादर जो परेरा यांनी 1981 साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने दारूतून बाहेर पडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पण केंद्रातून घरी परतलेल्या माणसाचं खरं काम जेट्टीवरच सुरू होतं, आणि तिथे त्याला लागतो तो आठवड्याचा गट.

असे गट खरंच उपयोगी पडतात का? 2020 साली कॉक्रन या संस्थेने 27 अभ्यासांचा, 10,565 लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. एएच्या या बारा पायऱ्यांच्या वाटेला पद्धतशीरपणे लावलेल्यांपैकी सुमारे 42 टक्के लोक वर्षअखेर पूर्णपणे दारूपासून दूर होते. इतर मान्य उपचारांत हे प्रमाण सुमारे 35 टक्के निघालं. त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले होते, हे लक्षात ठेवून बोलायचं. पण फुकट मिळणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या माणसांनी चालवलेल्या गोष्टीसाठी हा आकडा लहान नाही. आपल्याकडचा खरा प्रश्न पोचण्याचा आहे. दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलेही उपचार मिळालेले आढळले.

त्याच पाहणीत पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के आणि बायकांचं 1.6 टक्के होतं. त्या 1.6 टक्क्यांतल्या बाईने रायगडच्या गावात मीटिंग शोधणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. वीस पुरुषांच्या खोलीत ती बोलणार नाही. तिच्यासाठी मुंबईतल्या फक्त स्त्रियांच्या मीटिंग किंवा ऑनलाइन मीटिंग हाच व्यवहार्य रस्ता, आणि स्पॉन्सर, म्हणजे मार्ग दाखवणारी जुनी सदस्य, बाईच असावी हा एएतला जुना संकेत.

न पिणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी, आणि किनाऱ्यावर ती जास्त गुंतागुंतीची. मासळी विकायला बाजारात बसते ती कोळीण, पैसा तिच्या कमरेला. म्हणून नवऱ्याचा रोजचा तगादा तिच्यामागे. द्यावेत तर तो पिणार, न द्यावेत तर भांडण, शिव्या, कधी मार. 1951 साली बिल विल्सनची बायको लोइस हिने एका मैत्रिणीबरोबर अल-अ‍ॅनॉन सुरू केलं ते अशाच बायकांसाठी आणि घरच्यांसाठी. त्याच्या मीटिंगमध्ये नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत, आणि पहिल्यांदा आलेल्या बाया यावर हमखास रागावतात. तिथे शिकवतात ते त्याचं ओझं खाली ठेवायला. त्याच्या वतीने नाखव्याला खोटं सांगायचं नाही, त्याची उधारी भागवायची नाही, आणि त्याच्या दारूचं खापर स्वतःवर घ्यायचं नाही. तो जायला तयार नसला तरी ती जाऊ शकते. पुष्कळदा घरातून पहिलं तीच जाते.

कुठल्या गावात कोणत्या वारी मीटिंग भरते याची यादी मी इथे मुद्दाम देत नाही. गट जागा बदलतात, वार बदलतात, आणि छापील यादी धरून बंद शाळेच्या दारात उभा राहिलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही. एएच्या मुंबई कार्यालयाकडून त्या आठवड्याची खात्रीची माहिती घ्यावी. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक 14446, मनाच्या आजारांसाठीचा टेलि-मानस 14416. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातल्या समुपदेशकाला जवळचे गट माहीत असण्याची शक्यता असते. आणि नाक्यावरचा, जो पूर्वी प्यायचा आणि आता पीत नाही, तो. त्याला बाजूला घेऊन विचारायला सगळ्यात जास्त धीर लागतो, पण सगळ्यात नेमकी माहितीही त्याच्याकडेच असते.

सुरुवात कधी करावी असं मला कुणी विचारलं, तर मी जून सांगतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली, हातात वेळच वेळ. बऱ्याच जणांची दारू वाढते ती याच दोन महिन्यांत, गटारी अमावास्याही याच सुमारास येते. पण अख्ख्या वर्षात 61 दिवस सलग पाय जमिनीवर असण्याची संधीही हीच. आठवड्यातून तीन मीटिंग धरल्या तरी नारळी पौर्णिमेपर्यंत पंचवीसच्या वर होतात. तेवढ्यात स्पॉन्सर मिळतो, चार नंबर फोनमध्ये येतात.

मग नारळ दर्यात जातो आणि होड्या बाहेर पडतात. किनारा मागे सुटतो तशी फोनची रेंज कमी होत जाते. होडीवर कुणीतरी चपटी आणलेली असतेच. रेंज जायच्या आत एक फोन करायचा असतो, फार बोलायचं नसतं. 'निघालो. आठ दिवसांनी येतो.' पलीकडचा विचारतो, 'परत कधी लागणार? मंगळवारी का?' आणि हा भरतीचा हिशेब करून सांगतो, 'मंगळवार नाय जमायचा. बुधवारी पहाटे लागू. बुधवारी कुठं असते?'